एकच नाटक दाखवा, पण पुरतं दाखवा

गणपती उठले की इंदूरच्या शाळांत सहलींची बोलणी सुरू होतात आणि माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. यंदा बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: वर्गाला उज्जैनच्या कालिदास समारोहाला न्यायचंय, कसं न्यावं? म्हणून या वेळचं सदर त्यालाच देते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हा समारोह १९५८ पासून भरतो, कार्तिकी एकादशीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. दिवसा विद्वानांची सत्रं, संध्याकाळी नाटकं आणि नृत्यं, शिवाय कालिदासाच्या रचनांवरून केलेल्या चित्रांचं नि मूर्तींचं प्रदर्शन. एकादशी दिवाळीच्या अमावास्येनंतर अकराव्या दिवशी येते. सुट्टी संपून शाळा उघडते न उघडते तोच निघायची वेळ होते, तेव्हा तयारी करायची ती दिवाळीच्या आधीच. मी शाळेत संस्कृत शिकवलं आणि मुलांची नाटकं बसवली, त्या बळावर ही उत्तरं देतेय.

बाई, सादर नमस्कार. मी एका हिंदी माध्यमाच्या शाळेत संस्कृत शिकवते आणि नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातली निम्मी मुलं मराठी घरांतली आहेत, बाकीची हिंदी. यंदा प्राचार्यांनी उज्जैनला न्यायला होकार दिलाय. पण मुलांना संस्कृत कानानं ऐकून कळत नाही; शब्दरूपं पाठ आहेत, तेवढंच. आधी गोष्ट सांगून ठेवावी का? सहकारी म्हणतात, एवढं जायचंच तर महाकाल, रामघाट, वेधशाळा सगळंच एका दिवसात उरकू. आणि जमलं तर लागोपाठ दोन दिवस दोन नाटकं. पत्रिका अजून हातात आलेली नाही. काय करू?
— एक शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

ताई, एकच नाटक निवडा. दोन नकोत. पहिल्या नाटकातलं काही मनात मुरायच्या आत दुसरं अंगावर आलं की मुलांच्या हाती दोन्हींतलं काहीच लागत नाही. आणि महाकालाचं दर्शन वेगळ्या दिवशी. २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून तिथे गर्दी किती असते ते तुम्ही जाणताच. रांगेत तीन तास उभं राहून दमलेली मुलं संध्याकाळी नाटकाला बसवायची, हा मुलांवरही अन्याय आणि नटांवरही. एक गोष्ट मात्र दिवसाउजेडी दाखवा: तिथलं चित्रांचं प्रदर्शन. एकाच काव्यातला प्रसंग निरनिराळ्या चित्रकारांनी निरनिराळा पाहिलेला असतो. तो बघून मुलं नाटकाला बसली, की नाटकवाल्यांनी तो कसा पाहिला याची उत्सुकता त्यांना आपोआप लागते.

आता तुमचा खरा प्रश्न. गोष्ट सांगून ठेवावी का? माझं उत्तर आहे, गोष्ट सांगू नका, नाटक वाचून घ्या. यात फरक फार मोठा आहे. गोष्ट सांगितली की मूल नाट्यगृहात बसून ‘आता अंगठी हरवणार, आता सापडणार’ असं मोजत राहतं. पण वर्गात उभं राहून त्यानं स्वतः एखाद्या पात्राचे चार संवाद म्हटलेले असले, तर रंगमंचावर ते पात्र आल्याबरोबर मूल ताठ बसतं. ‘हे मी केलं होतं. हा कसा करतो बघू.’ मग भाषा आडवी येत नाही.

सबंध नाटक वाचायला वेळ नाही, हे मान्य. समजा पत्रिकेत ‘अभिज्ञानशाकुंतल’ आलं. सात अंकांचं नाटक आहे. त्यातला सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा छोटा प्रवेश घ्या. एका कोळ्याला राजाच्या नावाची अंगठी विकताना शिपायांनी धरलंय. सूचक आणि जानुक हे दोन शिपाई त्याला दरडावतात, त्याच्या धंद्यावरून टोचून बोलतात, आणि तो ठामपणे सांगतो की जन्मानं वाट्याला आलेलं काम निंद्य म्हणून सोडायचं नसतं. रोहित जातीच्या माशाच्या पोटात अंगठी सापडली म्हणतो, कुणाचा विश्वास बसत नाही. कोतवाल अंगठी घेऊन आत जातो. इकडे एका शिपायाचे हात त्याला मारायला शिवशिवताहेत. आणि कोतवाल परत येतो तो बक्षीस घेऊन! मघाचे शिपाई घटकाभरात त्याचे मित्र होतात. चार-पाच पात्रं, दहा मिनिटांचं वाचन. तुमच्या हिंदी माध्यमाच्या वर्गासाठी मोहन राकेश यांचा हिंदी अनुवाद आहे, तो मिळवा. मुलांना राजाराण्या लांबच्या वाटतात, पण पोलिसानं पकडलेला निरपराध माणूस त्यांना लगेच कळतो. आणि कालिदासानं हाही माणूस लिहिलाय हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, तर पुढचं सगळं सोपं जातं.

दुसरं, पहिल्या अंकातला रथ. राजा रथात बसून हरणाचा पाठलाग करत येतो. रंगमंचावर ना रथ, ना घोडे, ना हरिण. रथाचा वेग अभिनयानं दाखवायचा, अशी सूचना संहितेतच आहे. वर्गातली बाकं मागे सरकवा आणि दोघादोघांना सांगा: एकानं लगाम धरायचा, दुसऱ्यानं धनुष्य, आणि पुढे पळणारं हरिण बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. माझ्या वर्गात मुलं आधी नुसती धावायची. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं की धावायचं नाही, जागच्या जागी राहायचं आणि नजर पळवायची. सारथ्यानं गुडघे किंचित वाकवायचे, चाक खड्ड्यातून गेलं की दोघांचे खांदे एकाच वेळी उडाले पाहिजेत. ते एकाच वेळी उडायला लागले, की बघणारी मुलं गप्प होतात. शकुंतला झाडांना पाणी घालते तेही असंच, रिकाम्या हातांनी. तो घडा जड दिसला पाहिजे आणि पाणी ओतल्यावर हलका.

तिसरं, दोन-तीन खुणा आधी शिकवून ठेवा. नट रंगमंचाला वळसा घालून आला की जागा बदलली असं समजायचं. वनातून राजवाड्यात जायला एवढं पुरतं. नटानं तीन बोटं उभी ठेवून अनामिका दुमडली आणि तो हात आडोशासारखा धरला, की त्याचं बोलणं रंगमंचावरच्या बाकीच्यांना ऐकू जात नाही, फक्त ज्याच्याशी बोलतो त्याला आणि आपल्याला. याला जनांतिक म्हणतात. प्रत्येक दिग्दर्शक हे ठेवीलच असं नाही, पण ठेवलंच तर मुलं एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवतात. संस्कृत न कळणाऱ्या मुलाला ‘मला हे कळलं’ असं वाटणं फार मोलाचं असतं.

शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ आलं तर तुमचं काम आणखी सोपं. ते नाटक घडतंच उज्जयिनीत. तिसऱ्या अंकात शर्विलक चोर चारुदत्ताच्या भिंतीला खिंडार पाडतो, तेवढं वाचून घ्या. मोजायची दोरी आणायला विसरला म्हणून गळ्यातल्या जानव्यानं माप घेतो. भोक कमळाच्या आकाराचं पाडू की सूर्याच्या, चंद्रकोरीच्या, स्वस्तिकाच्या, असा विचार करतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल असं ठरवतो, म्हणजे सकाळी शेजारीपाजारी बघतील तेव्हा कारागिरीची तारीफ करतील. मग आत शिरल्यावर त्याला कळतं की घर तर गरिबाचं आहे. नववीच्या मुलांना हा चोर भयंकर आवडतो. फळ्यावर ते आकार काढायला लावा, आणि तुम्ही असतात तर कुठला निवडला असता, हे विचारा.

भासाचं ‘स्वप्नवासवदत्त’ असेल तर स्वप्नाचा अंक घ्या, पाचवा. झोपलेला राजा बोलतोय आणि जिला तो मेली समजतो ती उज्जयिनीची राजकन्या समोर उभी राहून उत्तरं देतेय. तेवढं पुरे.

निघायचं कसं तेही सांगून टाकते. इंदूरहून सांवेरमार्गे उज्जैन पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे, पण संध्याकाळच्या रहदारीचा भरवसा धरू नका. दुपारीच निघा. प्रदर्शन बघा, मग समारोह जिथे भरतो त्या कालिदास अकादमीच्या आवारात कुठे जागा मिळेल तिथे डबे उघडा. नाटकाच्या आधी मुलांची पोटं भरलेली हवीत. उपाशी मूल कालिदासाचंही ऐकत नाही. पोळीभाजी, दशम्या असं काहीतरी. वेफर्सची पाकिटं मात्र बसमध्येच राहू द्या, त्या कुरकुर आवाजानं पुढच्या दहा रांगांचा विरस होतो. माळव्यातली कार्तिकातली रात्र गार असते. प्रत्येकाकडे स्वेटर किंवा शाल हवीच. आणि एवढा मोठा वर्ग येतोय हे अकादमीला आधी पत्रानं कळवा, म्हणजे सगळे एकत्र बसतील. सगळ्यांत मागे नका बसवू. नटाचे डोळे दिसतील इतपत जवळ.

बाई, माझी मुलगी नववीत आहे. शाळेची नाटकाची सहल आहे आणि परतायला मध्यरात्र होईल म्हणतात. मागे एका शाळेच्या सहलीत बस वाटेत बिघडली, कुणाचा फोन लागेना, आम्ही आईबाप शाळेच्या फाटकाशी उभे. पुढच्या वर्षी दहावी. हीच नाटकं मोबाईलवर बघता येतात, तर एवढी रात्र करून जायलाच हवं का?
— एक पालक, सुदामानगर, इंदूर

भाऊसाहेब, तुमची काळजी रास्त आहे आणि ती शाळेला स्पष्ट बोलून दाखवा. बस किती वाजता निघणार, किती वाजता परतणार, सोबत कोण कोण शिक्षिका, बसमध्ये दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांचे चालू फोन कुणाचे, हे सगळं लेखी मागून घ्या. परतताना बस उज्जैनहून निघाली की एक निरोप आणि सांवेरला पोचली की दुसरा, एवढं शाळेनं कबूल करावं. मुलींना घेऊन जाणाऱ्या शाळेनं हे न मागता करायला हवं. ते नीट करत असतील तर मुलीला जरूर पाठवा.

मोबाईलबद्दल. चित्रीकरणात कुठे बघायचं हे कॅमेरा ठरवतो. नाट्यगृहात ते तुमची मुलगी ठरवते. हे बोलायला लहान वाटतं, पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. शाकुंतलाचा पाचवा अंक. भर दरबारात राजा शकुंतलेला ओळखत नाही म्हणतो. सगळ्यांच्या नजरा शकुंतलेवर. परतीच्या बसमध्ये मी मुलांना विचारत होते, कोण लक्षात राहिलं? एक अबोल मुलगी म्हणाली, ती दाराशी उभी होती ती. प्रतीहारी, राजाची द्वारपालिका. तिला बोलायला फारसं काहीच नाही. मुलगी म्हणाली, “बाई, ती सगळं बघत होती आणि तिला मध्ये पडता येत नव्हतं. ती काठी अशी घट्ट धरून उभी होती.” आणि तिनं बसचा दांडा दोन्ही हातांनी धरून दाखवला. कॅमेऱ्यानं तिला ती बाई दाखवली नसती. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी ती मुलगी त्या रात्री सांवेर येईपर्यंत बोलत होती.

दहावीची म्हणाल, तर एका संध्याकाळीनं दहावी बुडत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेनं पहिले दोन तास माफ करावेत, एवढं पालकांनी मिळून मागा.

बाई, मी नववीत आहे, आम्ही उज्जैनला नाटक बघायला जाणार आहोत. मला अॅक्टिंगपेक्षा लाइट्स आवडतात. गणपतीत आमच्या कॉलनीच्या मंडपाचे लाइट मीच लावले होते. नाटकाचे लाइट कुठून चालवतात? बघायला मिळतील का? आणि मित्र म्हणतात संस्कृत नाटक म्हणजे झोपच. खरंच झोप आली तर?
— एक विद्यार्थी, इंदूर

शाब्बास रे बाळा. प्रकाशयोजना बघायला निघालेला मुलगा मला फार दिवसांनी भेटला.

लाइट चालवणारा माणूस बहुधा प्रेक्षकांच्या मागे बसतो, कारण त्याला रंगमंच प्रेक्षकासारखाच दिसायला हवा. त्याच्यापुढे एक बोर्ड असतो, त्यावर सरकणारी बटणं. प्रत्येक बटणाशी एक किंवा अनेक दिवे जोडलेले असतात आणि ते हळूहळू वाढवता-उतरवता येतात. नाटक सुरू व्हायच्या आधी त्याच्याजवळ जाऊ नकोस, तो त्या वेळी घाईत आणि काळजीत असतो. नाटक संपून गर्दी ओसरली की तुझ्या बाईंना किंवा सरांना बरोबर घेऊन जा, नमस्कार कर आणि एकच नेमका प्रश्न विचार. ‘दरबारातला तो पिवळा उजेड कुठल्या दिव्यातून आला?’ असा. नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ही माणसं वर चढून दिवा दाखवतात, हा माझा अनुभव आहे.

आणि तुला एक काम देते. ही नाटकं लिहिली तेव्हा विजेचे दिवे कुठले? म्हणून कवी उजेड शब्दांतून पाडतो. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या सुरुवातीला कण्वमुनींचा शिष्य किती रात्र उरली ते बघायला झोपडीबाहेर येतो. एका बाजूला चंद्र मावळतोय, दुसऱ्या बाजूला सूर्य उगवतोय, असं तो श्लोकात सांगतो. वहीत रंगमंचाचा चौकोन काढ. त्या एका श्लोकासाठी तू दिवे कुठे लावशील? कुठल्या बाजूचा गार निळसर, कुठला उबदार? कुठला आधी उतरवशील, आणि नट कुठे उभा असेल म्हणजे दोन्ही उजेड त्याच्या तोंडावर पडतील? आधी स्वतः ठरव, मग तिथे जाऊन त्यांनी काय केलंय ते बघ. तू केलेलं निराळं निघालं तर पुसून टाकू नकोस.

झोपेचं म्हणशील, तर आदल्या रात्री वेळेवर झोप. तरी डोळे मिटायला लागले तर पाठ सरळ कर आणि फक्त ऐक. श्लोक म्हणतानाची चाल, मृदंग, पायांचे आवाज. पाच मिनिटांत डोळे आपणहून उघडतात.

सौ. बाईंना आशीर्वाद. मी रामबागेत राहते, वय ऐंशीच्या पुढे. आम्ही संगीत नाटकं बघत वाढलो. माझे वडील नाटकांची पदं म्हणत आंघोळ करायचे. आता नातवाची शाळा त्याला उज्जैनला संस्कृत नाटकाला नेतेय. आनंद आहे, पण मनात येतं, मराठी नाटकाला का नाही नेत? तो घरी मराठी बोलतो, वाचत नाही.
— एक आजी, रामबाग, इंदूर

आजी, तुमचा आशीर्वाद डोक्यावर घेतला.

तुमच्या नातवाला उज्जैनला जे दिसणार आहे त्यातूनच आपलं संगीत नाटक उभं राहिलंय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आणलं ते ‘शाकुंतल’च. देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणलं. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा त्यांची पहिली भूमिका शकुंतलेचीच. सतरा वर्षांचे होते, तुमच्या नातवापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. आणि एक गोष्ट त्याला नक्की सांगा: त्या संस्कृत नाटकांत सगळेच संस्कृत बोलत नाहीत. बायका आणि सामान्य माणसं प्राकृत बोलतात, आणि बायकांच्या तोंडची गाणी माहाराष्ट्री प्राकृतात असतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजेत. शाकुंतलाच्या अगदी आरंभी नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते ते याच भाषेतलं. ते गाणं ऐकून सूत्रधार इतका हरवतो की आज कुठलं नाटक करायचंय तेच विसरतो. नातवाला म्हणावं, ते गाणं कान देऊन ऐक, त्यात आपल्या घरातला एखादा शब्द सापडतो का बघ.

पण काम तुमच्याकडेच आहे, आजी. तो जायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी त्याला जवळ बसवा आणि वडिलांच्या तोंडची जी पदं आठवतात ती म्हणा. आवाज फुटला तरी चालेल, शब्द अर्धे विसरले तरी चालतील. शाकुंतलातलं एखादं आठवलं तर सोन्याहून पिवळं. शाळा त्याला नाट्यगृहापर्यंत नेईल, पण आपल्या घरात हे गायलं जायचं, हे त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? आणि मराठी नाटकाला शाळेची वाट कशाला बघायची? ‘सानंद’ संस्था इंदुरात वर्षानुवर्षं मराठी नाटकं आणतेय. पुढच्या प्रयोगाला नातवाचा हात धरून तुम्हीच जा. तिसरी घंटा होऊन दिवे मंदावतात तेव्हा तो तुमच्या शेजारी असू दे.

बाई, सहलीनंतर व्यवस्थापनाला प्रत्येक मुलाचा दोन पानी अहवाल आणि फोटो हवेत. ‘मला आवडलेले नाटक’ असा निबंध दुसऱ्याच दिवशी लिहून घ्यावा का?
— एक शिक्षक, इंदूर

सर, दुसऱ्या दिवशी नको. निबंध लिहायचाय हे आधी कळलं की मुलं नाटक बघत नाहीत, मुद्दे टिपत बसतात. अंधारात वही उघडून मोबाईलच्या उजेडात लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. फोटो प्रदर्शनाच्या दारात एक काढा. नाटक चालू असताना एकही नको, आणि मोबाईल शिक्षकांच्या पिशवीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात काही लिहू नका. मुलांना सांगा, काल दिसलेली एक हालचाल करून दाखवा, बोलायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं कोण ते. कोळी ओळखला जातो, रथ ओळखला जातो, भुंग्याला हाकलणारी शकुंतला तर हमखास. अर्ध्या तासात सबंध नाटक वर्गात पुन्हा उभं राहतं. आठवड्यानं कागद द्या आणि विचारा: कुठल्या पात्राला एक प्रश्न विचारावासा वाटतो? तो प्रश्न आणि त्याचं कारण, बस. व्यवस्थापनाला तीच पानं द्या. दोन पानी एकसारख्या निबंधांच्या गठ्ठ्यापेक्षा ती वाचायला त्यांनाही बरी वाटतील.

आमची अकरावी आहे. मुलं भोपाळला किंवा थेट दिल्लीच्या भारत रंग महोत्सवाला नेऊ का?
— एक शिक्षिका, इंदूर

अकरावीला भोपाळ जमतं, बारावीला नेऊ नका. तिथल्या भारत भवन या कलाकेंद्राचा वर्धापनदिन १३ फेब्रुवारीला असतो (ते १९८२ साली उघडलं) आणि त्या दिवसांत तिथे कार्यक्रम असतात, पण तेव्हाच बोर्डाच्या परीक्षा तोंडावर असतात. एका मुक्कामाची सोय करून जा. चार्ल्स कोरिया यांची ती वास्तू तलावाच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली आहे; मुलांना नाटकाआधी तासभर तिथे नुसतं फिरू द्या. दिल्लीचा महोत्सव राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९९९ पासून भरवतंय, मोठा आहे, पण शाळकरी वर्गाला तो एकदम पेलणार नाही. ज्या दोघातिघांना खरीच ओढ आहे त्यांना पुढे कॉलेजात गेल्यावर जायला सांगा. आणि नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीर यांनी १९५८ साली छत्तीसगढी कलावंतांना घेऊन ‘मृच्छकटिका’ची ‘मिट्टी की गाडी’ केली, तिच्याबद्दल या मुलांना जरूर वाचायला द्या. अकरावीत ते समजतं.

बाई, माझं नाव छापू नका. सहलीची वर्गणी सहाशे रुपये ठरलीय. वर्गातली चार-पाच मुलं ‘आम्हाला नाटकबिटक आवडत नाही’ म्हणताहेत. मला माहीत आहे, कारण पैशाचं आहे. पण विचारलं तर त्यांना लागेल. काय करावं?
— एक वर्गशिक्षिका

ताई, तुम्हाला हे दिसलं याबद्दल आधी तुमचे आभार मानते. त्या मुलांना विचारू नका, आणि ‘ज्यांना अडचण असेल त्यांनी भेटा’ असंही वर्गात म्हणू नका. कुणी भेटत नाही आणि सगळ्यांना कळतं.

खर्च आधी खाली आणा. जेवण घरच्या डब्याचं ठेवा, हॉटेल नको. सहाशेतली मोठी रक्कम बहुतेक तिथेच जाते. दुसरा वर्ग बरोबर घेऊन बस पूर्ण भरा, म्हणजे माणशी भाडं उतरतं. मग प्राचार्यांशी बोलून वर्गणीची जाहीर यादी बंद करा. कुणी किती दिले हे फक्त तुमच्या वहीत. उरलेली तूट पालक-शिक्षक बैठकीत दोन-तीन सधन पालकांना बाजूला घेऊन सांगा. आपल्या इंदुरातली माणसं अशा कामाला नाही म्हणत नाहीत, फक्त मागणाऱ्यानं नावं सांगायची नाहीत.

आणि त्या पाच मुलांना वाचनाच्या तासाला भूमिका द्या. वर सांगितलेला कोळी, सूचक, जानुक, कोतवाल, शर्विलक चोर. मोठ्या भूमिका द्या, मागच्या रांगेतल्या नकोत. ज्या मुलानं चार दिवस वर्गात कोळी वाचलाय त्याला तुम्ही म्हणू शकता, “तू आलाच पाहिजेस, तुझा कोळी तिथे कोण करतंय ते बघायचंय मला.” त्या दिवशी पैशाचा विषयच काढू नका. घरी संमतिपत्र पाठवाल त्यावर रकमेची ओळ कोरी सोडा, आणि सही करून आणलं की ते मुकाट्यानं फायलीत लावून टाका.